ब्लेझरला लागलेला फोडणीचा वास

काळा ब्लेझर कपाटातून काढला की त्याला लसणाच्या फोडणीचा वास येतो; इतक्या वर्षांत तो कधीच उडाला असणार, पण मला येतो. अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोला नवऱ्याचं ऑफिस होतं आणि मला नुसतं घर, म्हणून मी पब्लिक रिलेशन्सचा ऑनलाइन कोर्स घेतला होता. एकदा असाइनमेंट आली की नासकं दूध विकलेल्या एका काल्पनिक कंपनीच्या वतीने पत्रकारांना उत्तरं द्या आणि व्हिडिओ पाठवा. पत्रकार आणायचा कुठून? शेवटी समोरच्या घरी मुलाकडे नागपूरहून आलेल्या काकूंना बोलावलं. उजेड चांगला म्हणून मी किचनमध्येच उभी राहिले, वर ब्लेझर, खाली पायजमा. काकूंनी मी लिहून दिलेले प्रश्न अगदी दरडावून विचारले, मग कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दिवसभर एकटीच राहते का तू?" कॅमेरा चालू होता. कोर्समध्ये शिकवलेलं हसू आणून मी म्हटलं, "छान चाललंय काकू, वेळ कसा जातो कळतही नाही." मी कॅमेरा बंद केला तशा त्या म्हणाल्या, "झालं ना तुझं? आता खरं सांग बरं." मी प्रश्नांच्या कागदाची घडी घालत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फ्रिजमधलं वरण काढून फोडणी दिली, आणि मी ब्लेझरसकट ओट्यापाशी उभ्याउभ्याच भात जेवले. आता मी खऱ्या कंपनीसाठी उत्तरं देते. मीटिंगआधी कुणी ना कुणी विचारतंच, कशी आहेस? मी म्हणते, छान. आणि ते लगेच पटतं सगळ्यांना.