पाण्यातलं माप

बोटीवर सगळे त्याला छटाक म्हणत, कारण माणूसच तेवढा. पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवायचे आणि वर येईपर्यंत त्यांचा हात सोडायचा नाही, हे त्याचं काम. किनाऱ्यावर ऐट मारणारी भलीभली माणसं खाली गेली की त्याच्या हाताला चिकटत. वर आली की ओळख ना पाळख. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! तोंडावर काच आणि नळी लावलेला माणूस ओळखायचा कसा? संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत, हवेच्या टाक्यांशेजारी, छटाक एकटाच जेवायचा. दिवसभर इतके हात धरून झाल्यावर ती खोली त्याला खायला उठे.

गेल्या वर्षी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या. खाली इतक्या घाबरल्या, की त्याने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. बोटांना सुईचे घट्टे होते. नंतर बाई बोटीत चढल्या आणि छटाक पुढच्या गिऱ्हाइकासाठी पाण्यातच थांबला, काच लावलेला. बोट निघता निघता बाई ओरडल्या, "पुढच्या वर्षी तुमच्यासाठी शर्ट शिवून आणते! माप नजरेत बसलंय!"

लोक असं बोलतात आणि विसरतात. तरी वर्षभर हा वेडा दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातांकडे बघत राहिला. त्याच्यासाठी आजवर कोणी काही शिवलं नव्हतं.

आणि बाई खरंच आल्या. काउंटरवर पुडकं ठेवणारी ती बोटं त्याने लगेच ओळखली.

"अहो दादा, मागच्या वर्षी मला खाली नेलं ते कुठायत? चांगले उंचेपुरे, धिप्पाड. पंजा तर हा एवढा!"

पाण्याखाली काचेतून सगळंच मोठं दिसतं, हे छटाक रोज पर्यटकांना हसत हसत सांगायचा. बाई त्याच्या डोक्यावरून मागे कोणाला तरी शोधत होत्या. 'मीच तो' एवढंच म्हणायचं होतं. पण ऐकून त्यांचा चेहरा पडला असता, आणि तो त्याला बघवला नसता.

"काम सोडून गेला तो," छटाक म्हणाला. "दुसऱ्या गावी असतो."

"अरेरे! मग मी नाही बाई उतरत. ते होते म्हणून धीर होता." बाईंनी पुडकं त्याच्यापुढे सरकवलं. "एवढं पोचवाल त्यांना? बरोबर बसेल. माझी नजर कधी चुकत नाही."

"पोचवतो, ताई."

संध्याकाळी दार लावून त्याने शर्ट घातला. आकाशी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, खिशावर बारीक टीप मारलेला. गुडघ्यापर्यंत आला. बाह्या इतक्या लांब, की दोन्ही हात आतच राहिले. तसाच खाटेवर बसून तो रडला, आणि त्याच बाहीने त्याने डोळे पुसले.