व्हिएन्ना ते झुरिक, जेमतेम दीड तास

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत कुणाही मराठी माणसाला भारतात जायचं असलं, की आधी फोन एकनाथकाकांना. कुठल्या विमानतळावर किती वेळ हाताशी ठेवायचा, कुठे पळापळ होईल, सगळं त्यांना तोंडपाठ. नोकरीतून निवृत्त झालेल्या, बायको गेलेल्या माणसाला तेवढाच एक मान उरला होता.

एका प्रवासापुढे मात्र काकांनी हात टेकले होते. मुलगा मिहीर व्हिएन्नाला, मुलगी अनुष्का झुरिकला. सहाशे किलोमीटर, विमानाने जेमतेम दीड तास. दर भाऊबीजेला काका मिहीरला फोनवर बजावत, "अरे, पुण्याहून नागपूर याहून लांब! बहिणीकडे जाऊन ये."

"बाबा, ती डोअरसुद्धा उघडणार नाही," मिहीर म्हणे. ते खोटंही नव्हतं.

२००४ साली रेखाकाकू हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होत्या. मिहीर पोचला होता, अनुष्काचं विमान अजून समुद्रावर होतं. ती आली तेव्हा सगळं संपलेलं. "माझ्यासाठी थोडं थांबता नाही आलं?" तिने टाहो फोडला. काका तोंड उघडणार, तोच मिहीर म्हणाला, "मशीन काढायला मी सांगितलं."

खरं तर तो हात जोडून थांबा म्हणत होता. बायकोचे हाल बघवेनात म्हणून डॉक्टरांना सांगितलं होतं ते काकांनी. "तुम्हाला इथे एकटं राहायचंय, बाबा," पोरगा नंतर हळूच म्हणाला, "तिचा फोन तरी येत राहू दे." आणि बापाने ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

फोन येत राहिला, दर रविवारी, न चुकता. काकांना त्याची लाज वाटे आणि त्याच्यावाचून करमतही नसे. आपल्या रविवारपायी पोराची बहीण तुटलीय, हे त्यांना कळत होतं. पण माणूस भित्रा, दुसरं काय!

२००७ची भाऊबीज नेमकी रविवारी आली. "यंदाही चंद्रालाच ओवाळीन," अनुष्का फोनवर म्हणाली. "भाऊ नसतो त्या बायका तसंच करतात ना, बाबा?"

आता मात्र काका बोलले. "अनू, तुला भाऊ आहे गं. मशीन मी काढायला लावलं. तो थांबा म्हणत होता."

तिने फोन ठेवला.

त्याच दुपारी मिहीरचा फोन आला, तेव्हा व्हिएन्नात रात्र पडली होती. त्याला रडू आवरत नव्हतं. "बाबा, अनू आलीय. मिळाली ती फ्लाइट पकडून आली. ओवाळलं मला."

काकाही रडले. पोरं एकत्र आली, आणखी काय हवं होतं? तरी न राहवून त्यांनी विचारलं, "माझ्याशी बोलते का रे?"

"तिला थोडा टाइम द्या, बाबा."

पुढच्या रविवारी काका सकाळपासून फोनपाशी बसून राहिले. त्याच्या पुढच्याही रविवारी. फोन वाजला आणि त्यांनी झडप घालून उचलला, तर ओळखीतली शोभना.

"काका, यंदा झुरिकवरून जाऊ म्हणते. इथून किती वेळ लागतो हो?"

"आठ तास," काका म्हणाले. "बाकीचं उद्या सांगतो, शोभना. आज फोन मोकळा ठेवायचाय मला."