दामूची बाटली आणि प्रणितची चेन

माणसाला पेट्रोलचोर ठरवायला हौसाला एक बाटली पुरली होती. आता ती स्वतःच हे सांगते, आणि सांगताना इतकी हसते की पदर तोंडात कोंबावा लागतो. पण तेव्हा कुठलं हसू? तेव्हा रामवाडीतल्या तिच्या अंगणात नुसता संशय शिजत होता.

दामू तिच्या मागच्या खोलीत भाड्याने आला तो गणपती उठल्यावर. साठीचा, खाडीकडचा, एकटा जीव. बांध फुटून मिठागर बुडालं, म्हणून हमरापूरच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती घासायला लागलेला. सामान काय, तर एक ट्रंक, एक वळकटी आणि तेल चोपडून लखलखीत केलेलं एक फावडं. आता तुम्हीच सांगा, ज्याला खणायला वीतभर जमीन नाय, त्याला फावडं कशाला हवं? हौसाच्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली.

दुसरी चुकचुकली पहाटे. तिचा लेक प्रणित रोह्याच्या एका कंपनीत नवा लागलेला, सहा महिने कच्चा. सातची पहिली शिफ्ट, म्हणून साडेपाचला मोटारसायकलला किक. पाच वाजता हौसा अंगणात सडा टाकायला आली, तर दामू गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला. हातात बाटली. तिला बघितलं तसा उठला, बाटली धोतरामागे धरली आणि म्हणाला, "गारवा सुटलाय नाय आज?"

घाम पुसत कोण गारव्याचं बोलतं हो?

त्याच दिवशी सून मृणालीचा जुना टूथब्रश मोरीवरून गायब झाला. मृणाली म्हणाली, "जाऊ दे आई, झिजलेलाच होता." हौसा म्हणाली, "जाऊ दे काय गो? म्हातारा सुनांचे ब्रश पळवतो, उद्या चोळ्या पळवेल!" मृणाली हसून लोळली, पण हौसाचं ठरलं. तिने गाडी उचलून पुढच्या पडवीत घेतली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट.

दसऱ्याला तिने गाडीची पूजा केली, ती अशी की गाडी लाजावी. हळद, कुंकू, झेंडूचा भलामोठा हार, मुठीमुठीने अक्षता. शिवाय चेनवर वाटीभर खोबरेल. प्रणितने फॅशन म्हणून चेनचं कव्हर कधीच काढून टाकलेलं, त्यामुळे देवीला अभिषेक करावा तसं तेल थेट वरून गेलं.

आठवड्याभरात प्रणितची चेन नागोठण्याच्या अलीकडे उतरली. पोरगा पाऊण तास उशिरा पोचला. सायबाने सांगितलं, "पुन्हा असं झालं तर येऊ नकोस."

हौसाला दुसरा पुरावा नको होता. संध्याकाळी दामू कारखान्यातून आला, अंगावर अजून पांढरी भुकटी, तर ही खोलीच्या दारात उभी.

"दामूदादा, रविवारपर्यंत खोली खाली कर."

"का ओ हौसाबाय?"

"बाटली काढ आधी. पेट्रोल चोरतोस आणि वर चेन ढिली करतोस? माझ्या पोराची नोकरी खाशील!"

दामूने ट्रंकेतून बाटली काढली. शेजारी मृणालीचा ब्रशपण निघाला, काळाकुट्ट. हौसाने विजयाने सुनेकडे बघितलं. प्रणितने बाटली हुंगली.

"आये, हे डिझेल हाय."

"मग डिझेल चोरतो!"

"आपल्या गाडीत डिझेल कुठनं येईल? ती पेट्रोलवर चालते."

हौसाने तरी बाटली स्वतः हुंगून बघितली.

दामू म्हणाला, "खोली सोडतो. पण आज चेन बघू द्या. उद्या पोराला शिफ्ट हाय."

कुलूप निघालं. गाडी अंगणात डबल स्टँडवर चढली. दामूने खाली पेपर पसरला, इंजिन बंद हाय का ते दोनदा बघितलं, मग एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने डिझेलात बुडवलेला ब्रश चालवायला लागला. चिखलासारखा काळा राप पेपरवर टपकला. मागच्या दातेरी चक्रापाशी तो थांबला आणि काडीने एकेक वस्तू उकरून पेपरवर मांडू लागला. तेलात फुगलेले तांदूळ. हळदीचे गोळे. आणि दात्यांभोवती घट्ट आवळलेला झेंडूच्या हाराचा दोरा, चांगला हातभर.

मृणालीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"आये," प्रणित म्हणाला, "चोराने पूजा चांगली केलेली दिसते."

"पण हा त्या पहाटे करत काय होता मग?" हौसा अजून मागे हटेना.

दामू फडक्याने चेन पुसत होता. "मिठागरात लोखंड असंच ठेवलं तर सकाळी गंज. रोज सांजच्याला गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, तेल लावायचं. चाळीस वर्षं केलं. तुमच्या पोराची सुकी चेन पहाटे किरकिरली की मला झोप नाय. विचारलं असतं तर तुम्ही हात लावू दिला असता?"

नसता दिला. हे हौसाला ठाऊक होतं. ती आत जाऊन चहा टाकून आली आणि परत येऊन म्हणाली, "रविवारचं राहू दे. कुठे जातोस आता म्हातारपणी."

दामूने मान डोलावली. चेन बोटाने वरखाली दाबून ताण बघितला, प्रणितकडून नट आवळून घेतला आणि गियर ऑइलचा डबा उघडून खालच्या बाजूने, चेनच्या आतल्या अंगाला थेंब थेंब सोडायला लागला.

हौसाला ते बघवेना. "अरे, वरून घाल की! वरून घातलं की मुरतं."

"वरचं उडून जातं. आतलं फिरताना बाहेर येतं."

"शिकव आता मला! तेल वरूनच घालतात."

दामूने डबा खाली ठेवला. "हौसाबाय, डोक्याला तेल लावता ते वेणीवर ओतता का मुळाशी?"

हौसाचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

"मुळाशी," ती पुटपुटली.

"मग थोडी बाजूला व्हा," दामू म्हणाला, "उजेड अडतोय."