फिर्मँच्या सात ओळी

उन्हाळ्यात फिर्मँ पेरोलाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गाईच्या शिंगात भरून जमिनीत पुरलेली गारगोटीची पूड पाण्यात घालायची आणि तासभर हाताने घुसळायची. खोल भोवरा पडला की तो मोडून उलट फिरवायचं. तास म्हणजे साठ मिनिटं. पंचावन्नाव्याला हात काढला तर तो पहिल्यापासून घुसळायला लावी. मला दोनदा लावलं. मग उन्हं चढायच्या आत टाकी पाठीवर घेऊन वेलींवर फवारा.

साव्हुआच्या डोंगराळ मुलखात उतारावर, द्युनाँ कुटुंबाच्या मळ्यात आम्ही दोघं राबलो. तो एकतीस वर्षं. त्यांची पांढरी वाइन लोक नावाजायचे. फिर्मँला एकदा तरी स्वतःच्या द्राक्षांची करायची होती. साठीला आल्यावर त्याने गावच्या चॅपेलमागचं, सात ओळी लावता येतील एवढं मोकळं रान विकत घेतलं.

मी म्हटलं, "रोपं नर्सरीतून आण. गरम पाण्यातून काढलेली असतात, रोग मरतो."

"उकडलेल्या वेलीची वाइन तू पी, गड्या. सूप म्हणून."

द्युनाँच्या मालकीण क्लोतिल्डबाई हसल्या. "फिर्मँ, आमच्या आजोबांनी लावलेल्या ओळीतून काड्या घ्या. घरचंच आहे."

द्युनाँकडे रोप कधी विकत आणलं नव्हतं. फिर्मँने एकेक काडी निवडून कलमं बांधली.

चौथ्या वर्षी पहिला घड धरला. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडून वळली, घड वाळले. सरकारी तपासनीस आला. पाचात एकाहून जास्त वेली रोगी निघाल्या तर रोग पसरू नये म्हणून सगळं रान उपटायचं, असा नियम. इथे दर दोनांत एक निघाली. रोग आजोबांच्या ओळीतूनच आला होता. जुन्या वेलींनी तो अंगात मुरवला होता. कोवळ्यांना झेपला नाही.

"चूक माझी," क्लोतिल्डबाई म्हणाल्या. "मी द्यायलाच नको होत्या."

"कुणी हात धरून कापायला लावल्या नव्हत्या मला, बाई. मीच कापल्या."

तरीही तो रोज चारला उठून घुसळायचा. पुरता तास.

"अरे, उद्या वेली उपटायला यंत्र येतंय," मी म्हटलं.

"उद्या ना? मग आज गप्प बस. आणि बादली सरळ धर."

यंत्राने सकाळच्या तीन तासांत सातही ओळी उपटल्या. मुळं वर आली, ढीग लागला, तिथेच जाळला. फिर्मँ टोपी हातात घेऊन उभा होता.

उपटण्याचा खर्च जमिनीच्या मालकाने द्यायचा असतो. मालक तोच होता. रान घेतल्यावर साठवलेल्या मजुरीतलं जे काही उरलं होतं, ते यंत्रवाल्याला गेलं.