आत्याचा पहाटेचा बल्ब

घरी रंगीत टीव्ही आला त्या वर्षी आत्याच्या खोलीतले बल्ब भराभर उडू लागले.

संध्याकाळी आमच्या फ्रीगंज वस्तीत व्होल्टेज इतकं पडायचं की टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. म्हणून साऱ्या घराला मिळून एक स्टॅबिलायझर घेतला. बटण फिरवून व्होल्टेज चढवण्याचा मान माझा. बैठकीत त्याला टीव्हीशेजारी आसन मिळालं. बायकोनं भैरवगढच्या छापील कापडाची झूल शिवून त्याच्यावर घातली. दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं. पाहुणे आधी त्याच्याकडे बघत, मग आमच्याकडे.

आत्या निवृत्त शिक्षिका. दिवसभर पेपर आमच्या ताब्यात, म्हणून कालचा पेपर ती आज पहाटे वाचायची. तिनं दिवा लावला की फट्! मी होल्डर बदलला, स्क्रू आवळले, बल्बची कंपनी बदलली. टॉवर चौकातला दुकानदार म्हणाला, "भैया, घर में बल्ब खाते हो क्या?"

"आत्याचा हात लागला की बल्ब गेलाच," मी जेवताना म्हणालो. सगळे हसले. आत्याही हसली. पण त्यानंतर तिनं पहाटे दिवा लावणंच सोडलं. पेपर मांडीवर घेऊन अंधारात उजाडायची वाट बघत बसायची. उजाडलं की स्वयंपाकघरात जावं लागे, आणि पेपर रद्दीत जाई.

दिवाळीआधी झूल धुवायला निघाली. पहाटे पाणी प्यायला उठलो, बैठकीतला दिवा लावला, तर तोही फट्! टॉर्च मारून पाहिलं. स्टॅबिलायझरचा काटा लाल खुणेच्या पार पलीकडे. संध्याकाळी चढवलेलं बटण मी कधी उतरवलंच नव्हतं. गाव झोपलं की व्होल्टेज आपणच वर येई, त्यात आमची भर. घरातला पहिला दिवा आत्याचा, म्हणून फटका तिला. काटा बिचारा रोज सांगत होता, झुलीखालून.

बटण उतरवून तिच्या खोलीत गेलो.

"आत्या, बल्ब मीच उडवत होतो. लाव आता."

"नको रे बाबा. पुन्हा उडाला तर?"

"नाही उडणार."

"मग तूच लाव की. गॅरंटी तुझी, हातही तुझाच असू दे."

मी लावला. टिकला. तिनं चष्मा चढवला आणि पेपर उलगडला. माझ्याकडे पाहिलंदेखील नाही.

त्यानंतर रोज पहाटे हाक यायची, "लाव रे!" मी मुकाट्यानं उठून लावायचो. बल्ब उडणं कधीच थांबलं होतं. तरी तिनं दिव्याच्या बटणाला बोट लावलं नाही, आणि 'तूच लाव' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.