पाच वर्षांपुरती काकी

माझी पहिली तीन मुलं गेली. पहिली मुलगी बारशाच्या आधीच, दुसरा मुलगा सात महिन्यांचा होऊन, आणि तिसऱ्याने तर श्वासच घेतला नाही. चौथ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा चाळीतल्या बायका माझ्याशी बोलताना आवाज खाली आणायच्या, घरात कुणी आजारी असल्यासारखा. डोहाळे कुणी विचारले नाहीत. विचारले असते तरी सांगायची मला लाजच वाटली असती.

सोलापुरात गिरणीच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत आम्ही, दुसरीत थोरले दीर आणि जाऊबाई. सासूबाई मनाला येईल तिथे. दोघे भाऊ गिरणीत होते, दीर मागावर आणि आमचे हे हजेरी लिहायला. जाऊबाईंच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण कूस उजवली नव्हती. एका घरात एक वांझ आणि एक पोरं खाणारी, असं आम्हां दोघींचं कौतुक नळावर चालायचं. आम्ही ते कानाआड करून एकमेकींच्या वेण्या घालत असू.

चौथाही मुलगाच झाला. सुइणीने नाळ कापली आणि सासूबाईंनी मला त्याचं तोंडही पाहू न देता त्याला सुपात घातलं. सूप चाळीमागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. आईने टाकला, आता हा कुणाचा नाही, असं तिथे मोठ्याने म्हणायचं असतं. मग जाऊबाईंनी, वाटेने चाललेली परकी बाई असल्यासारखं, त्याला उचलून ओटीत घेतलं. ज्यांची मुलं जगत नाहीत त्या घरी हे करतातच. आईलाच नको असलेलं पोर सटवाई तरी कशाला नेईल, ही त्यातली युक्ती. नंतर आईने मूठभर कोंडा देऊन ते पोर विकत घ्यायचं, की झालं. इतरांकडे हा सगळा खेळ घटकाभरात आटोपतो.

दुसऱ्या मुलाच्या वेळी आम्हीही तो घटकाभरातच आटोपला होता. तो गेला. तेव्हा एवढ्याशाने सटवाई फसत नाही, हे सासूबाईंनी मनाशी धरलं होतं. त्या बार्शीकडच्या, भारी खमक्या. बाळंतिणीच्या खाटेशी उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं, "पाच वर्सं तू ह्याची आई न्हाईस. पाजायचं तेवढं पाज. पन माजा म्हनायचं न्हाई, अन् त्यानंबी तुला आई म्हनायचं न्हाई. कबूल हाय का?"

मी लगेच कबूल केलं. दहा वर्षं म्हणाल्या असत्या तरी केलं असतं. बाहेर तो रडत होता, आणि जिवंत पोराचं रडणं ऐकू येत असताना बाई कशालाही हो म्हणते.

जाऊबाई त्याला आणून माझ्या मांडीवर ठेवत, मी पदर ओढून पाजत असे, आणि पोट भरलं की त्या त्याला घेऊन जात. मधल्या भिंतीपलीकडून त्या त्याला खेळवत ते मला शब्दन् शब्द ऐकू यायचं. त्याची उजवी नाकपुडी टोचली. नाव असं ठेवलं की यमालाही हाक मारायला संकोच वाटावा. तो बसू लागला, रांगू लागला, बोलू लागला, आणि जाऊबाईंना आई आणि मला काकी म्हणू लागला.

जाऊबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. त्याला साधा खोकला झाला तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मीच त्यांचा दुस्वास करू लागले होते. त्याच्या मुठीत केस अडकून त्या कळवळल्या की मला बरं वाटायचं. तो तीन वर्षांचा असताना एकदा घरात आम्ही दोघंच होतो. मी त्याला जवळ घेतलं आणि हळूच म्हटलं, मला एकदा आई म्हण. त्याने दाराकडे पाहिलं आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, "आई पान्याला गेलीय." मी त्याला खाली ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसले. त्याच्यानंतर मला दिवस गेले नाहीत, त्यामुळे माझी सगळी आशा त्या पाच वर्षांवर येऊन बसली होती.

पाच वर्षं भरली त्या दिवशी मी जपून ठेवलेलं हिरवं लुगडं नेसले. कोंडा मी स्वतः चाळला होता. जाऊबाईंनी त्याला न्हाऊ घालून, तेल लावून आणलं. त्यांचे डोळे सुजले होते. मी कोंड्याची मूठ त्यांच्या पदरात टाकली, त्यांनी पोर माझ्या पदरात घातलं. "आजपास्नं ही तुजी आई," त्या त्याला म्हणाल्या, "मी काकी." तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. त्यांनी पलीकडे जाऊन दार लोटून घेतलं तेव्हा त्याने जो टाहो फोडला तो दिवस मावळेपर्यंत. मी त्याला सोडलं नाही. तो लाथा झाडत होता, मला चावत होता आणि मी सुखात होते. पाच वर्षांचं ते ओझं माझ्या मांडीवर होतं, माझं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला हुडहुडी भरली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हिवताप म्हणून कडू औषध दिलं. चाळीत आणखी चार पोरं तशीच कुडकुडत होती, पण त्यांना कुणी कोंडा देऊन विकत घेतलेलं नव्हतं. सासूबाई त्याच्या उशाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, हिनं घेतलं अन् ताप आला, सटवाईनं वळखलं. तिसऱ्या दिवशी त्याला आकडी आली. डोळे पांढरे झाले. माझ्या सात महिन्यांच्या मुलाचे झाले होते, तसेच.

मी त्याला उचललं, पलीकडच्या खोलीत गेले आणि जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं. "आक्का, ह्यो माजा न्हाई," मी म्हटलं. "तुमचाच हाय. पुन्ना मागनार न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसतं त्याला छातीशी धरलं. सटवाईवर माझा विश्वास होता का, हे मला आजही सांगता येत नाही. पण पारखून पाहायला माझ्याजवळ दुसरं पोर नव्हतं.

दोन दिवसांनी ताप उतरला. औषधाने उतरला की माझ्या शब्दाने, कोण जाणे. सासूबाईंना ठाऊक होतं, आणि चाळीला त्यांनी ते ठाऊक केलं. सकाळी त्याने पाणी मागितलं. मी माठाजवळच होते. तांब्या भरून घाईघाईने त्याच्यापाशी गेले, तर त्याने तोंड फिरवलं.

"तू नगं, काकी," तो म्हणाला. "तू घेतलंस की मला ताप येतो."

आजारी पडल्यापासून एवढं लांब तो पहिल्यांदाच बोलला होता. अंगात तेवढी ताकद आली म्हणून मला खरोखर बरं वाटलं. जाऊबाईंनी माझ्या हातातून तांब्या घेतला आणि त्याच्या तोंडाला लावला. तो गटागटा प्यायला, आणि तो पाणी पितो आहे हे मी उंबऱ्याशी उभी राहून पाहिलं.