पालथा फोन

माझा संत्र्यांचा ऑनलाइन लिलाव ज्या जावा प्रोग्रामवर चालतो, तो सांभाळणारा माणूस राजापेठेत शिकवणी वर्गाच्या वरच्या खोलीत बसतो. प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल त्याने सर्व्हरवर वेगळी, प्रोग्रामच्या बाहेर ठेवली आहे. खऱ्या लिलावाची एक, चाचणीची दुसरी. चाचणीत व्यापाऱ्यांना जायचे सगळे मेसेज त्याच्याच फोनवर येतात.

"आतच टाक ना एकदाचं सगळं," मी म्हटलं होतं.

"चावी भिंतीत चिणता काय भाऊ? मंग दर खेपेले भिंत फोडा."

काहीही करण्याआधी तो सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचतो आणि फोन टेबलावर पालथा ठेवतो. माझ्याकडे बघत नाही.

गेल्या हंगामात त्याने नवा प्रोग्राम चढवला. लिलाव रंगात आला आणि तो फोन थरथरू लागला. व्यापाऱ्यांना जायचे मेसेज त्याच्याकडे येत होते. खरा लिलाव चाचणीची फाइल वाचत होता. मला न विचारता त्याने लिलाव बंद केला.

"काहून बंद केला? गिऱ्हाईक चाललं माझं!" मी ओरडलो.

"या बोल्या चाचणीत जमा होऊन राहिल्या, भाऊ. उद्या एकही सापडणार नाही. चुकी माही हाय, म्हणूनच बंद केला."

व्यापारी दुसरीकडे गेलेच. तो राग अजून गेलेला नाही, आणि दर भेटीत मी त्याला तसं ऐकवतो.

पण आता लिलाव सुरू झाला की मी भाव बघत नाही. त्याच्या खोलीत बसून पालथा फोन बघतो. फोन गप्प राहिला, की मगच दोघांचा चहा सांगतो.